राजाभाऊंचं डिझेल

द्वारका, दिल्ली, १२ मे २०२५

चि. तेजश्रीस कुमुदआजीचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच लावते, असं तुझा बाप, जयंता, म्हणतो. म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षराला हसू नकोस. तुझं मराठी त्याहून वाईट आहे.

आमच्या सोसायटीचा जनरेटर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. वीज गेली की काळा धूर थेट फोडणीत. जनरेटर राजाभाऊ बघतात, डिझेलही तेच आणतात. ते त्यात बंदी घातलेलं स्वस्तातलं काळं तेल मिसळतात, याची मला पक्की खात्री आहे. आपल्याकडचा माणूस म्हणून इतके दिवस गप्प बसले. तू फरीदाबादच्या लॅबमध्ये तेलंच तपासतेस ना? जयंताबरोबर बाटलीभर डिझेल पाठवते आहे. तपास आणि कागद दे. आमचे सेक्रेटरी सुधन्वा, त्यांना कागदाशिवाय काही दिसत नाही.

वेळेवर जेव. लोभ आहेच, तो काही रोज लिहायला नको.

तुझी आजी

फरीदाबाद, २० मे

ती. आजीस तेजश्रीचा सा. न. वि. वि.

रिपोर्ट सोबत आहे. गंधक त्रेचाळीस निघालं. नियम दहाचा आहे, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. पूर्वी याच्या शेकडोपट चालायचं. पण ते जळून धुरातून छातीत जातं, म्हणून सरकारने कमी करत करत दहावर आणलं. तेव्हा त्रेचाळीस बिल्कुल चालणार नाही.

पण आजी, मला शंका येते. काळ्या तेलाची भेसळ असती तर रंग बदलला असता. हे डिझेल स्वच्छ दिसतं. तू बाटली कुठली घेतली होतीस? तुझं उत्तर येईपर्यंत रिपोर्ट कुणाला दाखवू नकोस, प्लीज.

रागावू नकोस, माया कर.

तुझी तेजू

द्वारका, २७ मे

चि. तेजूस आशीर्वाद.

तुझं 'दाखवू नकोस' अगदी खाली होतं. मी तिथवर पोचायच्या आत कागद सुधन्वांच्या हातात गेला. शहाण्या माणसाने आधी काम सांगावं, मग शास्त्र. त्यांनी रिपोर्ट लिफ्टपाशी चिकटवला आणि शनिवारी राजाभाऊंना काढलं. अकरा वर्षांची नोकरी. त्यांनी आरडाओरडा केला नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि तपासणारी मुलगी कुणाची, एवढंच विचारलं.

बाटलीचं म्हणशील तर, शेजारच्या विजयालक्ष्मीने गुडघ्यांना चोळायला मोहरीचं तेल दिलं होतं, त्याची. साबणाने, गरम पाण्याने दोनदा घासली होती. पन्नास वर्षं बरण्या घासते आहे मी. लॅबवाल्यांनी मला शिकवू नये.

आजी

फरीदाबाद, ३ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

मोहरीचं तेल नाकात चढतं ना, तो गंधकाचाच झणका. खायला चालतो, पण दहाच्या मापात बाटलीला चिकटलेले दोन-चार थेंबही पुष्कळ होतात. प्लास्टिक ते धरून ठेवतं, कितीही घास. बाटली न विचारता नमुना घेतला ही माझी चूक.

गुरुवारी आमच्या लॅबचा माणूस काचेची बाटली घेऊन आला होता. बाबा आणि सुधन्वाकाकांसमोर त्याच टाकीतून डिझेल काढून त्याने सील लावलं. टाकीत जुनंच डिझेल होतं, मधे भरलेलं नव्हतं. सात निघालं, आजी. धूर काळा येतो तो इंजिन थकलंय म्हणून. दुरुस्तीसाठी राजाभाऊंनी कमिटीला तीन अर्ज दिले होते, बाबांनी फाइलमध्ये पाहिले.

आता काय करायचं ते तूच ठरव. लोभ दोघींचाही राहो.

तेजू

द्वारका, १८ जून

चि. तेजूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मीटिंगला गेले. सुधन्वांचं म्हणणं पडलं की जुना रिपोर्ट गुपचूप काढून टाकू, नवा माणूस ठरलाच आहे, कशाला बोभाटा. मी विचारलं, लावताना सगळ्यांनी वाचला, मग काढताना कुणी बघायचं नाही का? तुझा नवा रिपोर्ट लिफ्टपाशी लावला आणि शेजारी माझा कागद, हिंदीत: बाटली माझी, तेल माझं, आरोप माझा. विजयालक्ष्मी चुका सुधारून द्यायला आली होती. नको म्हटलं.

मग जयंताला घेऊन राजाभाऊंच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, कल्पनाने, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. मी झालं ते सांगितलं. ऐकून घेऊन राजाभाऊ म्हणाले, आकडा बाटलीने चुकवला हे खरं, पण मी काळं तेल मिसळतो हे तुम्ही बाटली भरायच्या आधीच ठरवलं होतं.

पाणी संपवलं, पेला कल्पनाच्या हाती दिला आणि उठले.

सोमवारपासून ते कामावर आहेत. कमिटीने परत बोलावलं, पण इंजिन दुरुस्तीचं कबूल केलं तेव्हाच आले. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना नमस्कार करतात, मला सोडून. मी थांबते, नमस्कार करते आणि पुढे जाते. तू मधे पडू नकोस.

तुझा लोभ कमी झाला असेल तर तसंच लिही, खोटं लिहू नकोस.

तुझी आजी