घोट्यामागची नाडी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अकोल्याची ती बैठक आठवली की मला अजून एका जागी बसवत नाही. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्हा शिकाऊ डॉक्टरांसाठी वऱ्हाडातले सर्जन बैठक भरवायचे, अवघड रोगी तिथं आणायचे आणि नागपूरचे मोठे सर्जन ते तपासून शिकवायचे. त्या खेपेचा विषय पायांच्या रक्तवाहिन्यांचा. आपल्या अमरावतीच्या इस्पितळात दर्यापूरकडचे भाजीपाला पिकवणारे एक काका होते, बीड्या ओढून ओढून पायाचा अंगठा काळा पडलेले. पाय गुडघ्याखाली कापायचा, असं सगळ्यांचं ठरलं होतं. मी एकटीच म्हणत होते, घोट्यामागे नाडी लागतेय, अंगठा काढला तर पाय वाचेल. वॉर्डात सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, पण माझी बाजूही घेतली नाहीत. काकांकडे बघत "अकोल्याले चाल. त्यायलेही संगं घे. तिथं बोलजो," एवढंच म्हणालात.

अकोल्याच्या बैठकीत मी उभी राहते. हॉलभर पुरुष. कसंबसं सांगून होतं. मग एकेक डॉक्टर वाकून घोट्यामागे बोटं टेकवू लागतो आणि काका पाय आखडून घेतात. "बाई, काहून मले पापात पाडून राहिली? एवढे मोठाले डाक्टर माह्या पायाले हात लावून राहिले!" मी म्हणते, "काका, पाय ठेवायचा आहे ना? मग पाप माझ्या माथी." तेव्हा कुठं ते पाय सोडतात. पण जो वाकेल त्याच्या डोक्यावर हात ठेवून, "सुखी राहाजो, बाप्पा!" सगळा हॉल हसतोय, मी सोडून. कारण जो तो उठतो आणि मान हलवतो. नाडी कुणालाच लागत नाही.

शेवटी नागपूरचे सर्जन सरळ फरशीवर मांडी घालून बसले. आशीर्वाद त्यांनाही मिळाला. डोळे मिटून ते इतका वेळ नाडी चाचपत राहिले की मला रडू यायला लागलं. मग म्हणाले, "आहे. बारीक आहे, पण आहे. अंगठाच काढा."

"म्हंजे वाफ्यात उभं राहाता येईन मले?" काकांनी विचारलं. "बीडी सोडलीत तर," मी म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथं खिशातलं बंडल काढून शेजारच्या डॉक्टरच्या हातात कोंबलं. सर, खरंच सांगते, मला त्या हॉलमध्ये फुगडी घालावीशी वाटली!

परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम तुमच्या शेजारी बसले. आता काही म्हणाल, मग म्हणाल. मूर्तिजापूर मागं पडलं, बडनेरा आलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पुढच्या बैठकीले कोनाले आनशीन?" मी "बघते, सर" म्हटलं आणि मनातल्या मनात चरफडले.

हे पत्र आता कुठल्या पेटीत टाकणार? काकांचा पाय वाचला, याहून मोठं काय हवं होतं मला? असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण त्या दिवशी मला तुमची शाबासकीही हवी होती, सर. अजून हवी आहे.