पाचव्या ओळीतला ठोका

बरबँक,
९ मार्च १९८३

प्रिय एल्विन,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच टाकू नकोस. घरी सगळे खुशाल असतील. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. नोटेशन उतरवताना हात मात्र अजून थरथरत नाही.

हार्लन निवृत्त होतोय. चाळीस वर्षं आधी रेडिओवर, मग टीव्हीवर मालिका काढल्या, त्यांना चालीही स्वतःच दिल्या. शनिवारी स्टुडिओत निरोपाचं जेवण आहे. माझं भाषण कोटाच्या खिशात तयार होतं: 'फेरीबोट' मालिकेची शीर्षकचाल हार्लनची नाही, माझी आहे.

ती मी मार्च त्रेसष्टमध्ये गाडीत बसून रचली आणि फक्त तुला दाखवली. वर्षभरात ती टीव्हीवर हार्लनच्या नावानं वाजली. मग त्याच्यापर्यंत नेली कोणी? तूच, असं मी धरून चाललो, स्टुडिओभर बोललो, आणि तू पोर्टलंडला निघून गेलास. माझ्याकडे पुरावाही होता: पाचव्या ओळीतला जादा ठोका. हार्लनला नोटेशन वाचताही येत नाही, त्याला असलं काही सुचेल? मी ते एकट्यानं, पुस्तकांवरून शिकलोय.

परवा हार्लननं जुन्या टेपांचा खोका पाठवला, यादी करायला. मलाच का? सगळ्यात वरच्या टेपवर लिहिलंय, जून १९६२. तारीख काय, मागाहूनही घालता येते. शाई भिंगाखाली पाहिली. मग टेप लावली.

हार्लन नेहमीसारखा गुणगुणतोय, तू पियानोवर सूर शोधतोयस. तीच चाल. मध्येच कोणीतरी अडवतं, "हार्लन, पाचव्या ओळीत एक ठोका जास्त झाला. मोज की लेका!"

"असू दे रे मास्तर. चाल अडखळली की स्वयंपाकघरातला माणूसही मान वळवून बघतो."

आणि तू मला हसून म्हणतोस, "लॉइड, मोजणं पुरे. सिगार घे, मुलगी झालीय मला!"

तुझी नॉर्मा जून बासष्टची. तारखेचा प्रश्न मिटला. टेपचा वेग तीनदा तपासला, बरोबर आहे.

मी चाल दाखवली तेव्हा तू म्हणाला होतास, "ही आपण कुठंतरी ऐकलीय रे." मी म्हणालो, "जळतोस."

हार्लननं ती टेप मुद्दाम वर ठेवली होती का? ही शंका काही जात नाही. पण विचारणार नाही. शनिवारी भाषणाऐवजी टेपच वाजवीन, सगळ्यांसमोर, सिगारपर्यंत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तुझ्या नावाची चिठ्ठी लावायला सांगितलंय. तू आला नाहीस, तरी तिथं कोणाला बसू देणार नाही.

मोजण्यात चुकलेला,
लॉइड