गंजावरची फुली

३ एप्रिल १९७९, मंगळवार

नत्थूजी कल्हईवाल्याला आज हाकलला! मोठा पितळी गंज, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं, अंगणात बसून कल्हई करून दिला — आत नुसता लखलखाट. मला शंका आली. पांढरं फडकं फिरवलं तर काळंभोर. कथलात शिसं मिसळतो मेला! वीस माणसं माझ्या हातचं जेवतात, त्यांना शिसं चारू? वर म्हणतो, “अनुसयाबाई, साऱ्या वर्ध्यात असंच करून राह्यले.” करू देत. नालवाडीतल्या माझ्या खानावळीत चालायचं नाही. पुन्हा पायरी चढलास तर सांडशी फेकून मारीन, म्हटलं.

४ एप्रिल

राख आणि चिंच लावून गंज घासला. हात सोलले. ती खोटी कल्हई सगळी निघाली, आता आत उघडं पितळ. बाहेरून चुन्याची ठसठशीत फुली मारली. कमलाला समोर उभं करून बजावलं — दुसरा कल्हईवाला मिळेपर्यंत यात फक्त पाणी. दही, ताक, चिंच, काहीही आंबट यात गेलं की कळकतं, आणि कळकलेलं खाऊन माणूस आडवा होतो. तिने मान हलवली. नवऱ्याने टाकलेली, वडनेरची पोर. सहा वर्षं झाली माझ्याकडे राहून, माझ्यासमोर अजून तोंडातून शब्द निघत नाही. चीड येते!

८ एप्रिल, रविवार

जीव नको झाला आज. नेहमीचे वीस, त्यात प्रभाकररावांनी न सांगता बारा माणसं आणली, पुतण्याच्या सोयरिकीची! नऊ वर्षं माझ्याकडे जेवणारा तहसिलीतला कारकून, याला एक दिवस आधी सांगता येत नाही? वरून म्हणतात, बाईंच्या हाताला बरकत आहे. बरकत! पीठ दोनदा मळलं, सरपण ओलं, स्टीलचे दोन्ही लहान गंज वरणाने अडले, विरजण मोठ्या गंजात लावलं, सकाळी काढीन, आणि कमलाने पोळ्या करपवल्या त्या करपवल्याच. तिलाही बोलले, प्रभाकररावांनाही बोलले. उद्या पहिल्या मोटारीने सेलूला जायचं. तिथे एक चांगला कल्हईवाला आहे म्हणतात.

९ एप्रिल, सोमवार

सेलूचा माणूस परवा येतो म्हणाला. खुशीत परतले तर दारात गर्दी. चौदा माणसं ओकतायत! सकाळची कढी. प्रभाकररावांचे तर डोळे पांढरे झाले होते, दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. कमलाही मोरीशी ओकत बसलेली. नऊ वर्षांत माझ्या घरचं कुणाला बाधलं नव्हतं!

१० एप्रिल

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला — कढीचं दही कोणत्या भांड्यात होतं? मी ताठ मानेने सांगितलं, माझ्याकडे आंबट पितळेत जातच नाही. घरी येऊन पाहते तर मोठ्या गंजाच्या काठाला वाळलेलं दही, आत हिरवट डाग. डोक्यात तिडीक गेली. फुलीवर बोट ठेवून विचारलं, ही काय आंधळ्यांसाठी मारली होती? तर म्हणते —

“बाई, विरजण मी नाई लावलं. तुमीच लावलं. मले वाटलं, तुमी लावलं म्हंजे चालत असन.”

चोराच्या उलट्या बोंबा! मी? शिसं दिसल्याबरोबर कल्हईवाल्याला हाकलणारी मी? पोटच्या पोरीसारखं वागवलं आणि ही माझ्याच अंगावर ढकलते! एक ठेवून दिली. गाठोडं हातात दिलं आणि संध्याकाळच्या मोटारीत बसवून दिलं. रडली नाही. मोटार निघताना एवढंच म्हणाली, सकाळसाठी डाळ भिजत घातली आहे.

११ एप्रिल

डाळ आंबली. फेकली. जेवायला कोणीच आलं नाही.

१२ एप्रिल, गुरुवार

आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. चुलीत पाणी ओतायला लावलं. चौकशी होईपर्यंत खानावळ बंद. काय झालं, कोणी केलं, ते तारीखवार लिहून द्या म्हणाला. स्वयंपाकीणबाईचा दोष निघाला आणि तिला काढून टाकलं असेल तर खानावळ पुन्हा उघडता येईल. देते की लिहून!

दुपारी प्रभाकरराव आले. सुटले दवाखान्यातून, पण चेहरा अजून पिवळा. मला वाटलं, शिव्या घालायला आले. ओसरीवर टेकले आणि विचारलं, “पोरीले काऊन हाकललं?” काऊन! हे मरता मरता वाचले, आणि यांना पुळका कमलाचा! कढी बिघडेल म्हणून ती तुमच्यापेक्षा जास्त घाबरते, म्हणाले. मी चहासुद्धा विचारला नाही.

जबाब लिहून काढला. कमलाचं नाव, गाव, फुली, मी दिलेली ताकीद — सगळं. तारखा तेवढ्या उद्या या वहीतून पाहून घालायच्या.

१३ एप्रिल

रविवारचं पान काढलं. ‘विरजण मोठ्या गंजात लावलं, सकाळी काढीन.’ अक्षर माझं. मोठा गंज घरात एकच आहे.

कमला खरं बोलली, आणि मी तिला मारलं.

जबाब फाडून दुसरा लिहिला. त्यात नाव एकच आहे. तो देऊन वडनेरच्या मोटारीत बसते.