सरळ केलेला पाइप

नारपोली, भिवंडी
३ फेब्रुवारी २०२५

ती. मितेशदादास,
धाकट्या मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू तिसऱ्या वाक्याला भांडायला उठतोस, म्हणून कागद घेतला. आता ओरडायचं तर भिंतीवर ओरड.

मागच्या मंगळवारी काकांच्या डाइंगच्या कारखान्यात वाफेचा पाइप फाटला. बॉयलरवरचा राघो खालीच उभा होता. मानेपासून कमरेपर्यंत भाजलाय. वज्रेश्वरीहून त्याची बायको तुळजा आलीय, ती हॉस्पिटलच्या पायरीवर बसून असते. मी डबा नेला तर घेते, पण माझ्याकडे बघत नाही.

सरकारी साहेब चौकशी करून गेले. काका म्हणतात, राघोने सकाळी व्हॉल्व्ह एकदम उघडला म्हणून पाइप फाटला. पाइपाचं ड्रॉइंग तुझं. तेव्हा तू इंजिनियर म्हणून एवढंच लिहून द्यायचं की पाइप बरोबर होता, चूक व्हॉल्व्ह उघडणाऱ्याची. तुझ्याही नावाला धक्का नाही. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण बाबा गेल्यावर ज्यांनी आपल्याला वाढवलं, त्यांना तू एक कागद नाकारशील असं वाटत नाही. वैशाखात माझं लग्न आहे आणि घर आत्तापासून सुतकी दिसतंय.

वेळेवर जेवत जा. माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा काकांकडेही वळव.
तुझी मृणाली


बडोदा
१० फेब्रुवारी

चि. मृणाली हिस दादाचे आशीर्वाद.

भिंतीवर ओरडून झालं. शेजारी काय झालं म्हणून विचारून गेले.

राघोच्या मुलाकडून, हरेशकडून, फोटो मागवले. फोटोतला पाइप मी आखलेलाच नाही. माझ्या ड्रॉइंगमध्ये मधोमध एक चौकोनी वळण होतं, त्याला लूप म्हणतात. वाफ आली की लोखंड वाढतं. सरळ पाइप दोन्ही टोकांना आवळून ठेवलास तर तो वाढणार कुठे? शेवटी जोड फाटतो. लूप असला की पाइप तिथे अंग सैल करतो. पाइप तापला की कुठे, किती सरकेल ते बघायचं, इथे ऑफिसात मी दिवसभर हेच करतो आणि याचाच पगार घेतो. आणि माझ्याच घरच्यांनी माझा लूप काढून टाकला.

व्हॉल्व्ह घाईने उघडला तर पाइप हादरतो, हे खरं. पण दोन वर्षं ताणलेला तो जोड आज ना उद्या जाणारच होता. माणूस भाजला तो भाजला, वर दोषही त्याच्याच माथी मारायचा? मग भरपाईसाठी तो जन्मभर हेलपाटे घालत राहील. असला कागद मी लिहिणार नाही. लूप कोणी काढला ते काकांना विचार.

तुझ्यावर राग नाही. तूही धरू नकोस.
दादा


नारपोली
१७ फेब्रुवारी

चि. मितेश यास केसरीनाथकाकाचा आशीर्वाद.

लूप मीच काढाया लावला. तुझा लूप कंपाउंडातल्या गावदेवीच्या बरोब्बर डोक्यावरून जात व्हता. गोदूच्या, तुझ्या काकीच्या, अंगात देवी आली नि बोलली, माझ्या माथ्यावरून वाफ न्यायची न्हाय. तिच्याच जागेत कारखाना उभा हाय, तिला न्हाय बोलू काय? फिटर बोलला, सरळ टाकू, जोड बी कमी लागतील. तुला विचाराचं ऱ्हायलं.

राघोला मी वाऱ्यावर सोडनार न्हाय, हॉस्पिटल मीच बघतो. पन कारखान्याला टाळं लागलं तर किती घरं बसतील त्याचा विचार कर. कागद धाड. न्हाय धाडलास तर मृणालीच्या हळदीला येऊ नको. लोकांनी विचारलं तर सांगीन, पोरगा परदेशी हाय.

घरच्यांवर जीव असंल तर ऐकशील.
केसरीनाथ


बडोदा
२४ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

मला विचारलं असतंत तर लूप देवळाच्या मागच्या बाजूने आखून दिला असता. एका संध्याकाळचं काम होतं. देवी बोलली, फिटर बोलला, तुम्ही बोललात. मला मात्र कोणी एक फोन केला नाही.

मूळ ड्रॉइंग मी त्या साहेबांना पाठवून दिलं आहे. पाइप आता तरी मागून फिरवून घ्या. काकीला नमस्कार.

तुमचाच, अजून तरी,
मितेश


नारपोली
९ मार्च

ती. दादास मृणालीचा सा. न. वि. वि.

चौकशीच्या वेळी तुझं ड्रॉइंग साहेबांच्या टेबलावर होतं. मी पाहिलं. पण राघो काठी टेकत आला आणि त्याने स्वतःच सांगितलं, व्हॉल्व्ह मीच एकदम उघडला, चूक माझी. साहेब म्हणाले, भाजलेला माणूसच कबूल करतोय, तर मी ड्रॉइंग बघून काय करू?

मी तुळजाकडे गेले, खूप बोलले. ती म्हणाली, दादांचा कागद खरा असेल, पण तो ड्युटी देत नाही. काकांनी राघोच्या जागेवर हरेशला घेतलंय. कबुलीच्या बदल्यात. परवापासून तो बॉयलरवर आहे.

पाइप पुन्हा सरळच जोडलाय. तू म्हणतोस तसा मागून फिरवा, म्हणून मी काकांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, आता त्या पोराच्या ड्रॉइंगवर पाइप टाकायचा म्हणजे आपली चूक कबूल केल्यासारखं होईल. आधी त्यांनी टाकलाही असता. तू खरं सांगितलंस म्हणून आता तो लूप कधीच होणार नाही, दादा. तू चुकलास असं म्हणत नाही. पण मला तुझाही राग येतो, आणि कुठे ठेवावा ते कळत नाही.

हळदीला येऊ नकोस. हे काका लिहीत नाहीत, मी लिहितेय.

तुझीच,
मृणाली


बडोदा
१६ मार्च

चि. मृणाली हिस अनेक आशीर्वाद.

येत नाही. सुखाने लग्न कर.

खालचं हरेशला एकट्याला गाठून वाचून दाखव. समजलं का विचार, आणि त्याच्याकडून परत म्हणून घे.

सकाळी व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नाही. आधी पाइपात साचलेलं पाणी पूर्ण काढून टाकायचं. मग व्हॉल्व्ह अगदी थोडा फिरवायचा आणि थांबायचं. पाइप कुरकुरायचा थांबला की पुन्हा थोडा. मालक घाई करोत, शिव्या देवोत, थांबायचंच. व्हॉल्व्ह सोडला की जोडाखालून निघून जायचं.

याने पाइप वाचणार नाही. जरा उशिरा फाटेल, आणि फाटेल तेव्हा पोरगा खाली नसेल, इतकंच.

काकांना माझ्याकडून हेच लिहून हवं होतं ना, की सगळं व्हॉल्व्ह उघडणाऱ्याच्या हातात आहे? घे. लिहून दिलं.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
दादा