भिंतीवरचे ठोके

अहो,

आपल्या लेकाचा तो रॉक अल्बम पुन्हा निघतोय. मागच्या खोलीत पोरं रेकॉर्डिंग करत होती आणि तुम्ही वैतागून भिंत बडवलीत, ते ठोके गाण्यात तसेच आहेत. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "आता हे काढून टाकू." लेक उखडलाच, "बाबांना हात लावायचा नाही!"

काल कार्यक्रमात बरोबर त्या जागी अख्ख्या गर्दीने पाय आपटले. तुम्ही असतात तर त्यांच्यावरही ओरडला असतात.

गाणं अजूनही माझ्या डोक्यावरून जातं. पण घरी रेकॉर्ड लावते. तुमचे ठोके आले की सवयीने म्हणते, "सांगते हो त्यांना, आवाज कमी करा म्हणून."

तेव्हाही कधी सांगितलं नाही. आता तर आवाज वाढवते, तुम्ही नीट ऐकू यावेत म्हणून.

पत्र पाठवू कुठे? रेकॉर्डच्या पाकिटातच ठेवते.

तुमचीच