परीक्षक क्रमांक सात

मुलुंड (पूर्व),
शनिवार, ता. १६ ऑगस्ट १९८६, दुपार

तीर्थस्वरूप अण्णा यांस, धाकट्या बाळाचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही सांगावा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (की डावा? मागच्या पत्रात तुम्ही उजवा लिहिला होता आणि वहिनींनी समासात "डावा" असं लिहिलं होतं.) निरगुडीचा शेक घेत असालच. इकडे सगळे ठीक. मालनचा खोकला गेला, कुंदा पहिलीत गेली आणि मी अजून जिवंत आहे. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण गेले तीन आठवडे कोण जिवंत आणि कोण नाही याबद्दल माझा भयंकर गोंधळ उडाला आहे. हसू नका. आधी पत्र पूर्ण वाचा आणि मग वहिनींना न दाखवता ठेवून द्या.

तुम्हाला ठाऊकच आहे की कॉलेजात मुलांना बेडूक फाडायला शिकवण्याखेरीज मी आमच्या मंडळाच्या शोधपत्रिकेचा मानद सहसंपादकही आहे. (मानद म्हणजे फुकटात शिव्या खाणारा.) पत्रिका दर तीन महिन्यांनी निघते, निदान मुखपृष्ठावर तसं छापलेलं असतं. कचेरी घाटकोपरला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या माळ्यावर. दिवसभर जमीन थरथरत असते आणि संध्याकाळपर्यंत फायली, टाइपरायटर आणि टाइपरायटरमागच्या कमळबाई असं सगळं पांढरंफटक होतं. पहिल्यांदा येणारा लेखक दारातच दचकतो. गेली पाच वर्षं मी या दचकणाऱ्यांना हसत आलो, ते आता माझ्यावर उलटलं आहे.

आमची पद्धत अशी. लेख आला की त्यावरचं लेखकाचं नाव काढायचं आणि तो दोन जाणत्या परीक्षकांकडे तपासायला पाठवायचा. याला तो कळता कामा नये आणि त्याला हा. म्हणून परीक्षकांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून परीक्षकाचा अभिप्राय कमळबाई नव्याने टाइप करतात आणि मूळ कागद त्यांच्या लोखंडी कपाटात बंद. आमच्या मंडळात नीतिमत्ता म्हणून जी काही आहे ती त्या कपाटात आहे. (बाकीची माणसं एकमेकांच्या जावयांचे लेख छापतात.) पत्ते दरवेळी कोण लिहिणार, म्हणून १९८१ साली कमळबाईंनी स्टेन्सिल कापून प्रत्येक परीक्षकाच्या पत्त्याची चाळीस-चाळीस लेबलं सायक्लोस्टाइल करून ठेवली. लेख आला की पाळीने ज्या दोघांचा नंबर असेल त्यांच्या गठ्ठ्यातलं वरचं लेबल काढायचं, डिंक लावायचा, पाकीट टपालात. ही लेबलांची गोष्ट लक्षात ठेवा.

गेल्या गणपतीत तुमच्या पडवीत बसून मी एक लेख लिहीत होतो, आठवतं? वेसाव्याच्या खाडीतल्या निवट्यांवरचा. चिखलात बिळं करून राहणाऱ्या, ओहोटीला बाहेर येऊन डोळे वटारणाऱ्या त्या मासळ्या, निवट्या. सहा वर्षं दर अमावास्या-पौर्णिमेला त्यांची बिळं मोजून केलेले तक्ते त्यात आहेत. मोजदाद अर्थात माझी नव्हे. ती माझे गुरुजी डॉ. हरेश्वर भांजी यांच्या नोंदवहीतली. ती मी त्यांच्या हयातीत संदर्भासाठी आणली होती, मग सर गेले, फेब्रुवारी ८४ मध्ये, आणि परत मागायला कोणी आलं नाही. सरांनी ती कधीच छापली नाही, "अजून एक वर्ष मोजू" म्हणत राहिले. मी म्हटलं, एवढं काम वाया जायला नको. (वाया जाऊ नये म्हणून माझ्या नावावर. मधलं वाक्य तुम्ही भरून घ्या, मला लिहवत नाही.) येत्या पंचवीस तारखेला रीडरच्या जागेसाठी माझी मुलाखत आहे. हा लेख स्वीकारला गेला तर जागा मिळते, नाहीतर मी लेक्चरर म्हणूनच रिटायर होतो. मालनने शेजारी सांगूनही टाकलं आहे.

मी स्वतः सहसंपादक, म्हणून कोणी बोट दाखवू नये यासाठी मीच कमळबाईंना बजावलं की माझा लेखसुद्धा रीतसर नाव काढून परीक्षकांकडे गेला पाहिजे. भारी तत्त्वनिष्ठ वाटलं तेव्हा. जुलैच्या शेवटी अभिप्राय आले. पहिल्या परीक्षकाने "उत्तम" एवढंच लिहिलं होतं. (त्याने पाकीट उघडलं नसावं.) दुसरा परीक्षक क्रमांक सात. हा सात म्हणजे आमच्या पत्रिकेचं भूषण. बारकाईने वाचतो, स्वल्पविरामही सोडत नाही, आणि वेळेवर पाठवतो. वार्षिक सभेत मी त्याच्या नावाने, म्हणजे क्रमांकाने, अभिनंदनाचा ठराव मांडला होता. त्याने तीन शेरे दिले होते, ते जसेच्या तसे उतरवतो.

"एक. तक्ता दोनमध्ये जून १९७९ चा आकडा ३१३ दिला आहे. मूळ नोंदवहीत पान ४७ वर तो ३१८ आहे. गुळाच्या चहाचा डाग पडल्यामुळे लेखकास नीट दिसला नसावा. दोन. त्याच महिन्यात लेखकाचे लग्न होते व लेखक गावी होता. तीन. बाळा, चिखलात कोण उतरलं होतं?"

अण्णा, मी दोन वेळा वाचलं आणि खुर्चीत बसून राहिलो.  मूळ वही तुमच्या घरी. डाग पडला तो गेल्या गणपतीत, तुमच्या पडवीत, तुमच्या कपाचा. मी ओरडलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "काय होवचा नाय रे, आकडोच मरे तो." तो डाग जगात दोनच माणसांनी पाहिला आहे. आणि लेखावर माझं नाव नव्हतं.

कमळबाईंना विचारलं, सात म्हणजे कोण? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते गोपनीय असतं असं मला, सहसंपादकाला, सुनावलं. मग त्या दळण आणायला खाली गेल्या आणि किल्ल्या टेबलावर राहिल्या. (मी काय केलं ते विचारू नका. लेख ढापणारा माणूस कपाट उघडायला कितीसा कचरणार!) कपाटातही पीठ शिरलेलं, प्रत्येक फायलीवर पांढरा थर. फक्त सात नंबरची फाइल लख्ख. उघडली तर आत हिरव्या शाईतलं, डावीकडे कललेलं अक्षर. माझ्या अख्ख्या प्रबंधावर हेच अक्षर आहे, मी ते झोपेतही ओळखेन. भांजी सरांचं. खाली तारीख १९ जुलै १९८६. अण्णा, मी त्या माणसाला खांदा दिला होता. बोरिवलीच्या स्मशानात शेवटपर्यंत थांबलो होतो.

कमळबाई पिठाचा डबा घेऊन वर आल्या. कपाट उघडं बघितलं आणि टेबलावरच्या किल्ल्या उचलून कमरेला खोचल्या. मी म्हटलं, कमळबाई, भांजी सर गेले ना?

"हो. मृत्युलेख तुम्हीच लिहिलात, मीच टाइप केला."

"मग त्यांना लेख का पाठवता?"

"नाव काढा म्हणून लेखी कुठे आलंय? लेबलं शिल्लक होती. आणि त्यांचा अभिप्राय वेळेवर येतो, सर. जिवंत आहेत त्यांचे येत नाहीत."

अडीच वर्षांत अकरा लेख. अकराही तपासून परत. मी दोन आठवडे कोणाशी धड बोललो नाही. शेवटी गेल्या रविवारी बोरिवलीला गेलो, भर दुपारी, म्हणजे काही असलंच तर उजेडात दिसावं.

सरांचा ब्लॉक तळमजल्यावर, खिडकीला अडुळसा. दार उघडंच होतं. सगळी सोसायटी जेवून झोपलेली, कुठे भांडं वाजत नव्हतं आणि आतून एका सुरात वाचल्याचा आवाज येत होता. मी उंबऱ्याशी थांबलो. सरांची वेताची खुर्ची खिडकीपाशी, शेजारच्या स्टुलावर त्यांचा चष्मा, आणि समोर पाटावर बसून मथुराबाई, सरांच्या पत्नी, आमच्याच पत्रिकेला आलेला कोळंबीवरचा कोणाचा तरी लेख त्या रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवत होत्या. एक परिच्छेद वाचायचा, थांबायचं, मान कलती करून ऐकायचं आणि मांडीवरच्या कागदावर हिरव्या पेनने लिहायचं. मला बघून त्यांनी हाताने बस अशी खूण केली. त्या खोलीत बसायला दुसरी खुर्ची नव्हती. मी जमिनीवर बसलो.

लेख संपल्यावर त्यांनी मला पन्हं दिलं आणि माझी, मालनची, तुमचीसुद्धा चौकशी केली. मग सगळं सांगितलं, बाजारहाट सांगावी तसं. सर रिटायर झाले तेव्हाच, म्हणजे माझ्या प्रबंधाच्याही आधी, त्यांचे डोळे गेले होते. कोणाला कळू द्यायचं नव्हतं. तेव्हापासून या वाचायच्या, ते सांगायचे, या लिहायच्या. म्हणजे ते हिरवं अक्षर सरांचं कधी नव्हतंच, पहिल्यापासून बाईंचं! माझा जीव भांड्यात पडला. मी अगदी हसलोसुद्धा. म्हटलं, मग आता तुम्ही एकट्याच तपासता? 

"मी कसली तपासते? माझी सातवी नाही झाली. पाकिटं येत राहिली, मला वाटलं तुम्हा लोकांना ठाऊक आहे. मी वाचते, ते सांगतात."

पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मी चाचरत विचारलं, निवट्यांचा लेख... त्यातला तो चहाचा डाग?

"ते मला काय माहीत? त्यांनी सांगितलं ते लिहिलं." मग म्हणाल्या, "शेवटचं मात्र नाही कळलं मला. चिखलात कोण उतरलं होतं म्हणून का विचारलं? चिखलात तर मीच उतरत होते."

अण्णा, मथुराबाई मूळच्या वेसाव्याच्या. आंधळे सर काठावर छत्री घेऊन बसायचे आणि ही बाई कासोटा मारून पोटरीभर चिखलात बिळं मोजायची. सहा वर्षं, दर अमावास्येला आणि पौर्णिमेला. वहीवर नाव सरांचं. मग मी ते माझं केलं. सरांनी मेल्यावर तिला लिहायला लावलेला तो प्रश्न मला होता की त्यांना स्वतःलाच होता, हे मला अजून कळत नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी मी तिथे एक अक्षर बोललो नाही. दुसरा पेला पन्हं प्यायलो आणि घरी आलो.

असो. गणपतीला येतोच. गुडघ्याला जपा. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि खुर्चीत कोणी दिसत नसलं तरी तिलाही एक नमस्कार करण्याची सवय मी लावून घेतली आहे.

तुमचा,
बाळा
(प्रा. चंद्रप्रकाश परब)

ता. क. – तुम्ही तो चहाचा डाग कोणाला बोलला होतात का? नीट आठवा. बाजारात, सलूनात, एस.टी.त? बोलला असलात तर कृपा करून लगेच कार्ड टाका, मी रागावणार नाही, उलट पेढे पाठवीन.

दुसरा ता. क. (शनिवार संध्याकाळ, टपाल बंद झाल्यामुळे) – खरं कामाचं लिहायचं राहिलं. ती नोंदवही तुमच्या पलंगाखालच्या ट्रंकेत मेणकापडात गुंडाळून ठेवली आहे. ती आंघोळीच्या बंबात घाला. पान ४७ आधी. मूळ वहीच नसेल तर कोण काय सिद्ध करणार? मुलाखत नऊ दिवसांवर आली आहे आणि मालनने आता वरच्या मजल्यावरही सांगितलं आहे. वाईट वाटतं, पण घाला.

तिसरा ता. क. (सोमवार, कचेरीतून) – घालू नका! अण्णा, हे पत्र शनिवारपासून माझ्या खिशात आहे, कोणाला दाखवलेलं नाही. आज कमळबाईंनी सात नंबरचा पुरवणी अभिप्राय हातात दिला. तारीख १६, म्हणजे मी तुम्हाला लिहायला बसलो तोच शनिवार. एकच ओळ: "मूळ नोंदवही बंबात घालू नये. लेखकाच्या वडील बंधूंनी ती जिची आहे तिला रजिस्टरने पाठवावी."

मी लेख मागे घेतला आहे. तो पुन्हा रीतसर येईल, श्रीमती मथुरा भांजी यांच्या नावाने, ३१८ सह. रीडर होणं राहिलं. मालनला गणपतीत तुम्ही सांगा, मला धीर नाही. कमळबाई म्हणाल्या की सात नंबरचा गठ्ठा संपला, एकच लेबल उरलं आहे, ते तुमच्या पार्सलसाठी घ्या. सोबत पाठवतो, डिंक नीट लावा. त्यावरचं "डॉ. हरेश्वर" खोडून "मथुरा" असं लिहावं म्हणून मी आत्ता पेन उघडलं, तर ते आधीच खोडून लिहिलेलं आहे. शाई हिरवी आहे. बोट लावून पाहिलं, अजून ओली आहे.