अथेन्सची मुलगी, स्पार्टाची नात

बाबा, तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही मध्येच चष्मा काढून "मुद्द्यावर ये" म्हणणार नाही, तेवढाच माझा फायदा. इकडे परदेशात, किचनर शहरातल्या एका आइस रिंकमध्ये काचेच्या अलीकडे बसून हे लिहिते आहे. काचेपलीकडे तुमची नात हॉकी खेळते आहे. तिला ओटावाच्या एका संघाने बोलावलं आहे. गेली तर शाळा संपेपर्यंत तिथेच, एका अनोळखी कुटुंबात राहायचं, त्यांच्यातच जेवायचं, तिथल्याच शाळेत जायचं. इथे याला बिलेट म्हणतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. सराव संपला की कोचला हो किंवा नाही सांगायचं आहे. तुमचे जावई म्हणतात, "माझं काय, मी विंटर टायर्स टाकतो आणि दर वीकेंडला ड्राइव्ह करतो. तूच काय ते डिसाइड कर." डिसाइड कर म्हणे! मघापासून कितीदा उठून कॉफीच्या मशीनपर्यंत जाऊन आले, आणि कॉफी तर मला नकोच आहे.

भांडण तसं जुनं आहे. नववीत तुम्ही आमच्या वर्गाला ग्रीस शिकवलंत. फळ्याच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे अथेन्स, उजवीकडे स्पार्टा. उजवीकडे तुमचं अक्षरसुद्धा चिडकं यायचं. सात वर्षांचा मुलगा आईपासून काढून छावणीत नेतात. रक्त घालून शिजवलेलं काळं कालवण सगळ्या पुरुषांनी एका पंगतीत बसून ओरपायचं. पोरांना अर्धपोटी ठेवायचं म्हणजे ती चोरी करतील, आणि सापडली तर फटके, चोरीबद्दल नव्हे, सापडल्याबद्दल. शेतात राबायला हेलॉट, म्हणजे जिंकलेल्या मुलखातली माणसं, पिढ्यान्पिढ्या. डावीकडे आलात की तुमचा आवाज बदलायचा. बाजारात वाद घालणारे लोक, दिवसभर चालणारी नाटकं, टेकडीवरची सभा, जिथे कुंभारही उठून बोलू शकतो. चांदीच्या खाणीत गुलाम मरत होते हेही तुम्ही सांगितलंत, लपवणारे तुम्ही नव्हतात. मी हात वर केला. "सर, अथेन्समध्ये मुली काय करायच्या?" तुम्ही फळ्याकडेच बघत म्हणालात, "घरात असायच्या. सूत कातायच्या. पंधराव्या वर्षी लग्न." "आणि स्पार्टात?" "धावायच्या," तुम्ही म्हणालात, "कुस्तीसुद्धा खेळायच्या. जमीन त्यांच्या नावावर असायची." आणि घंटा व्हायच्या आधीच फळा पुसायला घेतलात.

त्या संध्याकाळी ओटीवर नेहमीसारखे तुमचे मित्र जमले. "हिने आज मला वर्गात अडवलं," तुम्ही सांगता आहात, आणि तुमचा चेहरा कौतुकाने फुलला आहे. सगळे हसतात, शाबासकी देतात. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. मग तुम्ही म्हणता, "आईला सांग, साखर थोडी कमी पडली," आणि मी आत जाते. आत आई दुसरं आधण ठेवते आहे. बाहेर रोज काय बोललं जातं हे तिला कधीच ठाऊक नसायचं, आणि तुम्हालाही ते कधी सांगावंसं वाटलं नाही. पुढे केव्हातरी माझ्या डोक्यात लख्ख आलं की आपलं घर अथेन्सच होतं, आणि आई आणि मी त्या आतल्या खोलीत.

त्याच वर्षी मी खो-खोच्या जिल्हा संघात निवडले गेले. शिबिर लातूरला, मुक्कामाचं. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मला समोर बसवलंत, माझं सगळं ऐकून घेतलंत, आणि मग एकेक मुद्दा खोडून काढलात: अभ्यास, पाणी, राहण्याची सोय, सोबत कोण. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीकडे उत्तरं कुठून असणार? वादात रीतसर हरल्यामुळे मला रडायचीही सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाईचं पेन आणून दिलंत. सुरेख होतं. मला त्याचा राग येत होता आणि मी त्यानेच लिहीत होते.

परवा तुमच्या नातीने शाळेतलं तेच अथेन्स-स्पार्टा काढलं. किचनमध्ये फ्रिजला टेकून म्हणाली, "आई, अथेन्समध्ये मी घरात लॉक्ड असते. स्पार्टा, ॲटलीस्ट दे लेट गर्ल्स रन." मला हसू आलं. पण लगेच मी म्हटलं, "आणि त्या धावत होत्या तेव्हा घरचं काम कोण करत होतं? हेलॉट्स. आणि स्पार्टाबद्दल जे वाचतेस ते बहुतेक बाहेरच्यांनी लिहिलंय." मग विषय ओटावावर नेला: अभ्यास, मग थंडी, मग ती अनोळखी माणसं. ती ऐकत गेली, हरत गेली. शेवटी म्हणाली, "यू ऑल्वेज डू धिस. यू लेट मी टॉक, अँड देन यू विन." बोलू देतेस आणि मग जिंकतेस. आणि खोलीत निघून गेली. बाबा, हे वाक्य मी तुम्हाला म्हणायला हवं होतं, आणि ते माझ्या पोरीने मला म्हटलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आता एवढं कळतं की तुमच्या त्या मुद्द्यांत एकही खरा नव्हता. तुम्ही घाबरला होतात. मी नसले तर घर खायला उठेल, एवढंच होतं ते. तसं एकदा नुसतं म्हणाला असतात तर मी पेनाशिवायही राहिले असते, आनंदाने राहिले असते. म्हणूनच तिला ते सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. ऐकलं तर ती राहील. मुली हेल्मेट काढत बाहेर येताहेत, ती मला शोधते आहे. मी हो म्हणणार आहे, एकही मुद्दा न काढता. फक्त कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि हा कागद काही तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते: ती जायला नको आहे मला, बाबा.